अण्णांचा राखीव ड्राइव्ह

"अण्णा, लॅपटॉपच्या डिस्कचे भाग पाडायचेत. तुम्हाला हवाय का एखादा?"

रविवारी सकाळी उपम्याची बशी हातात घेऊन जितेंद्रनं हे अगदी सहज विचारलं. घरात वडीलमाणूस आहे, विचारलेलं बरं, एवढाच त्याचा हेतू. अशा वेळी वडीलमाणसानं 'मला काय करायचाय' असं म्हणायचं असतं आणि पेपरचं पान उलटायचं असतं. पण मधुकररावांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि म्हणाले, "हवाय."

जितेंद्र घास गिळायचा विसरला. ज्या माणसानं घरातल्या व्हीसीआरचं बटण कधी स्वतःच्या बोटानं दाबलं नव्हतं, त्याला आता लॅपटॉपमध्ये भाग हवा होता!

"कशाला हो?" स्वयंपाकघरातून सुलभाबाईंनी विचारलं.

"लागेल," अण्णा म्हणाले आणि उपम्यातली मिरची बाजूला काढू लागले.

खरं कारण निराळंच होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आदल्याच आठवड्यात जितेंद्र आणि त्याची बायको देवश्री यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाला घर बघायला घेतल्याचं अण्णांच्या कानावर घातलं होतं. दोघांचीही ऑफिसं तिकडे. के. आर. पुरमच्या या घरातून निघायचं, रेल्वेच्या फाटकात अडकायचं, तिथून सुटलं की पुढच्या चौकात अडकायचं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं करायचं. घरी आल्यावर जेवायचंसुद्धा त्राण उरत नाही, असं देवश्री म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. "बघा बापडे, तुमची सोय बघा," असं अण्णा म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. आमटीला चव लागेना. फाटकाच्या बाजूला गाडीची शिटी वाजली की वाटे, आता हा आवाज आपण दोघांनीच ऐकायचा. 'जाऊ नका' असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते स्वतः धारवाड सोडून नोकरीसाठी बंगलोरला आले, तेव्हा त्यांच्या वडिलांनीही तसं म्हटलं नव्हतं. नुसतं स्टेशनवर येऊन उभे राहिले होते.

अशा अवस्थेत हा लॅपटॉपचा प्रश्न निघाला. जितेंद्र कामानिमित्त सहा महिने अमेरिकेला जाऊन आला, तेव्हा त्यानं तो आणला होता. घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल त्याचा मान. नवराबायको दोघंही त्यावर काम करत. हल्ली तो सारखा अडकायला लागला होता, म्हणून डिस्क एकदा पुसून, तिचे नीट भाग पाडून विंडोज नव्यानं घालायचं जितेंद्रनं ठरवलं होतं. आणि अण्णांच्या मनात आलं ते असं, की लॅपटॉपमध्ये आपला भाग असला तर लॅपटॉप या घरातून हलवता येणार नाही. आणि लॅपटॉप हलला नाही, तर जितेंद्र तरी कसा हलेल? विचार कच्चा होता हे कोणीही सांगेल. पण घर रिकामं होऊ घातलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

जेवणं झाल्यावर टेबलाशी बैठक बसली.

आता इथे अण्णांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. त्यांनी सबंध नोकरी एका सरकारी कारखान्याच्या भांडार विभागात काढली. भांडारवाल्याच्या अंगात दोन गोष्टी मुरलेल्या असतात. एक म्हणजे मागणारा नेहमी गरजेपेक्षा जास्त मागतो, म्हणून मागणी आली की आधी ती कापायची. दुसरी म्हणजे आभाळ कोसळलं तरी राखीव साठ्याला हात लावायचा नाही. निवृत्त झाले तरी अण्णांचं घर याच नियमांवर चाले. साबणाच्या नव्या वड्या कपाटात एकावर एक रचलेल्या आणि न्हाणीघरात मात्र झिजलेल्या साबणाच्या चिपटीला चिपटी चिकटवलेली. देवश्री पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं ती चिपटी फेकून दिली होती, आणि ती अण्णांनी परत उचलून आणली होती.

"एकदा भाग पाडले की पाडले," जितेंद्रनं सुरुवात केली. "नंतर कमी-जास्त करायचे म्हटलं तर सगळं पुसून पहिल्यापासून. म्हणून आत्ताच विचार करून ठरवू."

"म्हणजे मिसळणाच्या डब्यासारखं," सुलभाबाई म्हणाल्या. "हळदीची वाटी हळदीला, मोहरीची मोहरीला."

"एक्झॅक्टली, आई!" देवश्री म्हणाली.

"पण माझ्या डब्यातल्या वाट्या बदलता येतात. तुमचं हे अमेरिकेचं असून येत नाहीत?"

जितेंद्र पुढे सरकला. "पहिला भाग सी, त्यात विंडोज राहील. त्याला पाचशे एमबी तरी पाहिजेत."

"तीनशे," अण्णा म्हणाले.

"अहो, विंडोज म्हणजे काय ते तुम्हाला..."

"ते नको सांगूस. आज त्याला किती लागतं ते सांग."

"आज अडीचशेच्या आसपास लागेल. पण ते वाढतं, अण्णा."

"वाढतं म्हणजे? घातलं तेवढंच राहायला पाहिजे. आपोआप फुगायला ते काय इडलीचं पीठ आहे?"

एरवी जितेंद्र हटला नसता. पण घर सोडायला निघालेल्या मुलाचं तोंड बापापुढे उघडत नाही. वडिलांची एक इच्छा तर मोडतोच आहोत, ही तरी राखावी, असं त्याला वाटलं असणार. "सरी, तीनशे," तो म्हणाला; 'बरं'ला त्याच्या तोंडी कन्नड 'सरी'च येई. मग डी त्याला स्वतःला, ई देवश्रीला आणि एफ अण्णांना. प्रत्येकाची मागणी अण्णांनी रीतसर कापली. देवश्रीनं घासाघीस करून पाहिली, पण सरकारी खरेदीत मुरलेल्या माणसापुढे तिचं काय चालणार? सगळ्यांना कापूनकापून दिल्यावर जवळजवळ निम्मी डिस्क शिल्लक राहिली.

"हा झाला जी," अण्णा समाधानानं म्हणाले. "हा राखीव."

"यात काय ठेवायचं?" देवश्रीनं विचारलं.

"काही नाही ठेवायचं. म्हणून तर राखीव."

"अण्णा, हे टोटल वेस्ट आहे हो! डिस्क वापरली नाही म्हणून तिला काही व्याज लागत नाही."

"आणि अडचण आली तर?"

"कसली अडचण येणारे?"

"ती आल्याशिवाय कशी कळेल?"

देवश्रीनं जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्रनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सुलभाबाईंना विचारलं, तुम्हाला नको का एखादा भाग, तर त्या म्हणाल्या, "मला नको बाई. माझं स्वयंपाकघर कोणी मागायला येत नाही तोवर मी सुखी आहे."

संध्याकाळी जितेंद्रनं ते काम केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती आणि दर वेळी 'नक्की ना?' असं इंग्रजीत विचारत होती. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. शेवटी प्रत्येक भागाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जीला 'राखीव' हेच नाव इंग्रजी अक्षरांत घालायला लावलं आणि ते पडद्यावर नीट आलंय की नाही हे वाकून पाहिलं. त्या दिवशी त्यांना आमटी बरी लागली.

भाग तर मिळाला, पण त्यात ठेवायचं काय? अण्णांकडे ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. देवश्रीनं त्यांना माउस धरायला शिकवलं, फाइल उघडायला, बंद करायला, पुसायला, आणि पुसलेल्या फायलींची कचरापेटी रिकामी करायला शिकवलं. ती ऑफिसातून थकून येई, तरी चहाचा कप घेऊन त्यांच्याशेजारी बसे. अण्णा माउस जोरात ढकलत आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे पळे. "स्वल्प हळू, अण्णा," ती म्हणे. बंगलोरचं कन्नड तिनं एवढंच उचललं होतं. त्या अर्ध्या तासासाठी अण्णा दुपारपासून वाट बघत.

त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला एक पत्र लिहिलं. गल्लीत पाणी येत नाही, अशी तक्रार. ते एफमध्ये ठेवलं. पण एवढ्या मोठ्या भागात एवढंसं पत्र! सरकारात न वापरलेली तरतूद मार्चअखेर परत जाते हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. उद्या जितेंद्रनं पाहिलं आणि म्हणाला, अण्णा, तुमचा भाग रिकामाच आहे, तर? म्हणून त्यांनी त्याच पत्राच्या नकला काढायला सुरुवात केली. रोज दुपारी बसून ते पत्राखाली पत्र लावत.

"अण्णा, ही सगळी पत्रं सेम आहेत," एके दिवशी देवश्रीनं पाहिलं.

"मग? पाणीच येत नाही तोवर वेगळं काय लिहिणार?"

ती खो खो हसली. अण्णाही हसले. त्या दिवसांत कोरमंगला हा शब्द घरात कोणी काढला नाही, आणि आपली युक्ती लागू पडली असं अण्णा धरून चालले. बिचाऱ्यांना काय ठाऊक, मनासारखं घर मिळत नव्हतं म्हणून ती दोघं गप्प होती.

मग विंडोज फुगलं.

जितेंद्रच्या कंपनीकडे जर्मन गिऱ्हाईक येणार होतं. त्याला दाखवायचा प्रोग्रॅम जितेंद्रनं एकट्यानं लिहिला होता आणि तो याच लॅपटॉपवर होता. सोमवारी दाखवायचा, आणि शनिवारी सकाळपासून पडद्यावर एकच सूचना येऊ लागली: सीमध्ये जागा नाही. प्रोग्रॅम डीमध्ये सुखरूप होता, पण विंडोजलाच हातपाय हलवायला जागा नव्हती. दोन पावलं चालायचं की बसकण मारायची, असं चाललं होतं.

"अण्णा," जितेंद्र शेवटी म्हणाला, "जीमधली थोडी जागा विंडोजला घेऊ का? त्याच्या तात्पुरत्या फायली तिकडे वळवतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"किती हवी? आणि परत कधी करणार?"

"अण्णा, जागा आहे ती, वाटीभर साखर नाहीये!"

"आज विंडोजला दिली, उद्या तुझा डी मागेल, परवा हिचा ई मागेल. मग राखीव राहिलं कुठे?"

"पण अहो, अडचण अडचण म्हणत होतात ती हीच ना?" सुलभाबाईंना राहवेना.

"ही कसली अडचण? हा बेशिस्तीचा खर्च आहे," अण्णा म्हणाले. ते म्हणाले असं, पण आतून त्यांना भीती वाटत होती. जीला एकदा हात लागला की हे सगळं हळूहळू सुटत जाणार, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं. काय सुटत जाणार, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

जितेंद्रनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. तो वडिलांना न विचारतासुद्धा जागा घेऊ शकला असता, त्यांना पत्ताही लागला नसता. पण शब्द दिला होता. "सरी, अण्णा. सरी," एवढंच तो म्हणाला. बंगलोरमध्ये वाढलेला माणूस दोनदा 'सरी' म्हणाला की त्यानं हात टेकले असं समजावं. दुपारी तो आणि देवश्री एका मित्राकडे बारशाला गेली.

"चेहरा बघितलात त्याचा?" सुलभाबाई म्हणाल्या. "ते जर्मन का कोण सोमवारी येणारेत. नोकरीत नाव व्हायचं ते त्यावर आहे म्हणे. देऊन टाकली असती ती जागा तर काय बिघडलं असतं?"

अण्णांना आतल्या आत लागलं. मुलाला मदत तर करायला हवी. पण राखीवला हात न लावता. मग भांडारात अशा वेळी काय करतात? जागा नसली की मृत साठा काढतात. तीन वर्षं ज्या मालाला कोणी हात लावला नाही, तो मृत. नोकरीत त्यांनी अशी अख्खी गोदामं रिकामी केली होती आणि वरिष्ठांची शाबासकी मिळवली होती.

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि सीमध्ये शिरले. विंडोज नावाच्या कप्प्यात पाहतात तो काय, फायलींचा हा ढीग! आणि बहुतेकांवर तारीख एकच, जुलै पंच्याण्णवची. तीन वर्षं उलटून गेली होती. एकीलाही त्यानंतर कोणाचा हात लागलेला नाही. नावंसुद्धा अशी चमत्कारिक की कधी कोणी मागायला येईल असं वाटू नये. 'आणि हा म्हणतो जागा नाही,' अण्णा मनाशी म्हणाले. त्यांनी बाह्या सरसावल्या.

काम त्यांनी मन लावून केलं. काही फायली पुसायला नकार देत. ही फाइल वापरात आहे, असं त्या कळवत. त्या अण्णांनी सोडल्या. वापरात असलेल्या मालाबद्दल भांडाराचं काही म्हणणं नसतं. बाकीच्या एकेक करून काढल्या, देवश्रीनं शिकवल्याप्रमाणे कचरापेटी रिकामी केली आणि सीमध्ये भरपूर जागा झाल्याची खात्री करून घेतली. मग लॅपटॉप रीतसर बंद करून ते सुलभाबाईंना म्हणाले, "चहा टाक. झालं त्याचं काम."

जितेंद्र आला तेव्हा अण्णा हॉलमध्ये बसूनच होते. काही बोलायचं नाही, त्यालाच दिसू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. जितेंद्रनं लॅपटॉप चालू केला. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

"देवश्री, हे बघ गं. कुठलीतरी फाइल सापडत नाही म्हणतोय."

तिनं वाकून पाहिलं. "अरे, ही तर विंडोजची आहे. ही कशी जाईल?"

अण्णांनीही मागून वाकून पाहिलं. नाव ओळखीचं वाटत होतं. "मृत साठा काढला मी," ते हळूच म्हणाले. "सीमधला. तुला जागा व्हावी म्हणून."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अण्णा," देवश्री रडवेली होऊन म्हणाली, "तुम्ही विंडोजच काढून टाकलंत!"

"सगळं नाही. वापरातलं ठेवलं."

जितेंद्र चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. लहानपणी गणिताचा पेपर अवघड गेला की तो असाच बसायचा. ते बघून अण्णांना गलबलून आलं.

"जी घे," ते म्हणाले. "सगळा घे, जितू. काही परत करू नकोस."

"आता त्याचा उपयोग नाही, अण्णा. मशीनच उठत नाहीये."

विंडोज पुन्हा घालायचं तर सीडी ड्राइव्ह हवा. तो लॅपटॉपच्या पोटात नसे, बाहेरून जोडावा लागे, आणि जितेंद्रनं तो वेदांत नावाच्या मित्राला दिलेला होता. वेदांत राहायला कोरमंगलाला. फोन केला. तो म्हणाला, इकडेच या, दोघंही या, राहायलाच या. रविवारी सकाळी देवश्रीनं चार कपडे भरले, जितेंद्रनं लॅपटॉप पिशवीत घातला, आणि ज्या लॅपटॉपनं घर सोडू नये म्हणून अण्णांनी एवढं रामायण केलं, तो रिक्षात बसून फाटकाच्या दिशेनं निघून गेला. अण्णा फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि उभे राहिले.

रविवार गेला. सोमवारी रात्रीपर्यंत फोन नाही. अण्णांनी देवाला काय काय कबूल केलं ते त्यांनी सुलभाबाईंनाही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी फोन वाजला. देवश्री होती.

"अण्णा, डेमो मस्त झाला! जर्मन एकदम खूश. डीमधलं सगळं जसंच्या तसं होतं, फक्त विंडोज घातलं. आणि जीमध्ये जागा घेतली हं, तुम्ही दिली होती ना?"

"घे घे. घेतलीस ते बरं केलंस," अण्णा म्हणाले.

"आणि अजून एक. वेदांतच्या वरचा मजला रिकामा झालाय. दोन खोल्या, हॉल, भरपूर उजेड. दोन दिवस राहिलो म्हणून कळलं, नाहीतर आम्हाला काय पत्ता लागणार होता? इथून ऑफिसला चालत जाता येतं, अण्णा! ओनर हो म्हणालेत."

अण्णांनी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. आठवडेच्या आठवडे शोधून मुलांना जे घर मिळत नव्हतं, ते त्यांनी एका दुपारच्या मेहनतीनं मिळवून दिलं होतं.

सामान हलवायला टेम्पो आला तेव्हा अण्णा खोकी मोजायला उभे राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. सगळं भरून झाल्यावर जितेंद्र लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हा राहू दे इथेच. ऑफिसनं मला घरी वापरायला मशीन दिलंय."

"अरे, ने ना. मला काय करायचाय?"

"असं कसं? तुमचा भाग आहे त्यात. तुमचा भाग असलेली वस्तू मी कशी नेणार?" जितेंद्र अगदी मनापासून म्हणाला. "माझा डी, हिचा ई, सगळं रिकामं करून दिलंय. आता अख्खी डिस्क तुमची."

आपला भाग असला म्हणजे वस्तू हलत नाही, हे अण्णांचं गणित तंतोतंत बरोबर निघालं होतं. वस्तू हलली नाही. बाकीचं सगळं टेम्पोत बसून गेलं. मग दुपारी सुलभाबाईंनी चौघांचा भात टाकला आणि लक्षात आल्यावर त्या पदरानं डोळे पुसत भांड्यातला निम्मा तांदूळ परत काढू लागल्या.

पुढच्या महिन्यात एका रविवारी अण्णा आणि सुलभाबाई कोरमंगलाला गेली. देवश्रीनं हौसेनं घर दाखवलं. स्वयंपाकघर छान होतं. पुढची खोली त्या दोघांची. तीत पलंग, कपाट, ऑफिसच्या मशीनचं टेबल, इस्त्रीचं टेबल, पुस्तकांची खोकी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं सगळं इतकं गच्च कोंबलेलं की दार पुरतं उघडत नव्हतं आणि आत अंग चोरून शिरावं लागत होतं.

"आणि ही तुमची खोली!" जितेंद्रनं दुसरं दार उघडलं.

खोली लख्ख होती. मोठी होती. एक पलंग, एक पंखा, खिडकीला पडदा. बाकी काही नाही.

"इथे आम्ही काहीसुद्धा ठेवत नाही, अण्णा," तो अभिमानानं म्हणाला. "वापरतच नाही. तुम्ही कधीही या."

सुलभाबाई "किती छान रे" म्हणाल्या. अण्णा उंबऱ्यापाशीच उभे राहिले. मुलाच्या मनात माया होती, ती त्यांना दिसत होती. पण सगळा जन्म भांडारात काढलेल्या माणसाला न वापरलेली जागा कोणासाठी असते हे सांगावं लागत नाही. ती घरच्यांसाठी नसते. ती बाहेरून येणाऱ्यांसाठी असते. आपण पाहुणे झालो, हे त्यांना कोणी न सांगता कळलं.

जेवण झालं. "अण्णा, खोलीत पडा जरा," देवश्री म्हणाली. "पंखा लावलाय."

"नको. मी इथेच पडतो." अण्णांनी हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरला, हाताची उशी केली आणि आडवे झाले.

"अहो, खाली काय? खोली आहे ना!"

"खोली पाहुण्यांना देतात," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "घरातली माणसं हॉलमध्ये झोपतात. आणि जितू, ते तुझं मशीनचं टेबल उचल आणि नेऊन ठेव त्या खोलीत. कपडेही तिकडेच वाळत घाला. दार उघडत नाही तुमच्या खोलीचं, हे काय राहणं आहे?"

जितेंद्र गोंधळला. त्यानं आईकडे पाहिलं. सुलभाबाई खाली बघून पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "पण अण्णा, मग तुम्ही राहायला आलात की?"

"सांगितलं ना एकदा. हॉल आहे."

हे अण्णांच्या तोंडून येतंय यावर क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग जितेंद्र उठला. टेबल जड होतं, मशीन वर तसंच. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला देवश्री. दार पुरतं उघडेना म्हणून टेबल तिरकं करून बाहेर काढावं लागलं. दोघंही घामाघूम झाली होती आणि हॉलच्या मधोमध, अगदी वाटेत, अण्णा पसरले होते.

"अण्णा, पाय! पाय आवरा ना हो!" टेबलाचं टोक कमरेला लावून देवश्री वैतागून ओरडली. "वाटेतच काय पडायचं ते!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण असं कोणी पाहुण्याला म्हणत नाही. अण्णांनी गडबडीनं पाय पोटाशी घेतले, टेबल डोक्यावरून जाऊ दिलं आणि पुन्हा तिथेच, वाटेतच पसरून डोळे मिटले.